हाडांवरून कळलेलं वय किती खरं? कोर्टातली ऑसिफिकेशन टेस्ट समजून घेऊया

ऑक्टोबर २०२४ मध्ये बाबा सिद्दीकी हत्या प्रकरणातल्या एका आरोपीच्या वतीनं मुंबईच्या कोर्टात सांगण्यात आलं, की तो १७ वर्षांचा आहे. कोर्टानं त्याची ऑसिफिकेशन टेस्ट, म्हणजे हाडांवरून वय ठरवण्याची चाचणी करायला सांगितली. तो अल्पवयीन नसल्याचा अहवाल आला आणि त्याला पोलीस कोठडी मिळाली.

अशा वेळी 'टेस्टमधून वय सिद्ध झालं' अशी बातमी होते. पण हाडांवर जन्मतारीख लिहिलेली नसते. टेस्टमधून मिळतो तो अंदाजच.

हाडं वय कसं सांगतात?

लहानपणी लांब हाडांची टोकं मधल्या भागाला पूर्ण जोडलेली नसतात. मध्ये मऊ कूर्चा असते. वाढ पूर्ण होत जाते तसं तिचं हाडात रूपांतर होतं. एक्स-रेमध्ये कूर्चेच्या जागी फट दिसते, हाड जुळलं की ती नाहीशी होते. कोपर आधी जुळतं, मनगट नंतर आणि कॉलरबोनचं छातीकडचं टोक थेट विशीत. कुठं काय जुळलंय हे पाहून डॉक्टर वय सांगतात.

अडचण अशी, की एकाच वयाच्या दोन मुलांची हाडं एकाच वेगानं जुळत नाहीत. आहार, आजारपण, आनुवंशिकता, मुलगा की मुलगी, या सगळ्यानं फरक पडतो. हाताच्या एक्स-रेसाठी जगभर वापरला जाणारा ग्रूलिश-पाइल अ‍ॅटलास तर अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांवरून तयार झाला होता, तोही १९३० आणि ४०च्या दशकांतल्या एक्स-रेंवरून. आपल्याकडच्या कुपोषित मुलाला तो लावला तर?

म्हणूनच १९८२ मध्ये जयामाला खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना २ वर्षांचा फरक असू शकतो. म्हणजे अहवालात १८ लिहिलं असेल, तर खरं वय १६ ते २० मध्ये कुठंही असू शकतं. हाड हळूहळू जुळतं, कायद्याची रेषा मात्र १८व्या वाढदिवसाला एकदम बदलते.

फरकाचा फायदा कुणाला?

खरा पेच इथं आहे. आरोपी स्वतःला अल्पवयीन म्हणत असेल, तर कोर्ट बहुतेकदा कमी वयाकडे झुकतं. पण पॉक्सो प्रकरणात वय मुलीचं मोजायचं असतं आणि संशयाचा फायदा मात्र आरोपीलाच मिळतो. जुलै २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं, की अशा वेळी अहवालातलं वरचं वय धरा आणि त्यात आणखी २ वर्षं मिळवा. म्हणजे अहवाल '१६ ते १८' असेल तर ती मुलगी २० वर्षांची धरली जाईल आणि पॉक्सो लागूच होणार नाही. कायद्याच्या तत्त्वात हे बसतं, पण जिचा जन्मदाखलाच कुणी काढला नाही, तिला याची किंमत मोजावी लागते.

बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघायचं, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच टेस्ट. तरीही कागद बाजूला ठेवले जातात. मध्य प्रदेशातल्या एका बलात्कार प्रकरणात शाळेच्या आणि जन्माच्या दाखल्यांवरच्या तारखांमध्ये फक्त २ दिवसांचा फरक होता. तेवढ्यावरून हायकोर्टानं दोन्ही अविश्वसनीय मानले, हाडांच्या अहवालावर भिस्त ठेवली आणि आरोपीला सोडलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. २ दिवसांची चूक नको म्हणून २ वर्षांची चूक पत्करली गेली होती.