‘अर्धकथानक’ : निवेदक बनारसीदास आणि नायक बनारसी

आत्मचरित्र हाती घेताना वाचक एक गोष्ट गृहीत धरतो. सांगणारा आणि ज्याच्याविषयी सांगितले जाते तो, हे दोघे एकच असणार. बनारसीदासांच्या ‘अर्धकथानका’त हे गृहीत पहिल्या काही पानांतच डळमळू लागते. ही कथा आपलीच आहे हे कवीने आरंभी लपवलेले नाही. पण एकदा कथा सुरू झाली की ‘मी’ मागे सरतो आणि बनारसी जन्मला, बनारसी शिकला, बनारसी फसला, अशा तृतीयपुरुषी रीतीने सारे सांगितले जाते. या ग्रंथाची गोडी आणि त्याचा प्रामाणिकपणा, दोन्ही या अंतरात आहेत.

बनारसीदासांचा जन्म १५८६ साली जौनपूर येथे एका श्रीमाळ जैन जवाहिऱ्याच्या घरी झाला. वडिलांचे नाव खरगसेन. आग्र्यात १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी हा ग्रंथ पूर्ण केला. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून ही निम्म्या आयुष्याची कथा, म्हणून ‘अर्धकथानक’. पद्यसंख्या ६७५, बहुतांशी दोहा आणि चौपाई. मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर या संस्थेने नाथूराम प्रेमी यांच्या संपादनाखाली १९४३ मध्ये तो प्रसिद्ध केला. हिंदी परंपरेतील पहिले आत्मचरित्र म्हणून तो आज ओळखला जातो.

ग्रंथ लिहिणारा पंचावन्न वर्षांचा गृहस्थ कोण होता, हे ध्यानात ठेवल्याशिवाय निवेदकाचे धाडस कळत नाही. १६३६ मध्ये त्यांचे ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले होते. आग्र्याच्या अध्यात्मप्रेमी श्रावकमंडळात त्यांचा शब्द मानला जात होता. व्यापाऱ्याची खरी पुंजी म्हणजे त्याची पत. असा मनुष्य आपल्या बुडालेल्या सौद्यांची, फजित्यांची आणि भ्रमांची नोंद स्वतःच्या हाताने करतो, तीही ज्या लोकांत रोज वावरायचे त्यांच्यासाठी.

चोविसाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्याला आग्र्यास पाठवले. हा प्रसंग निवेदक एखाद्या मुनिमाच्या बारकाईने सांगतो. काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधली होती; ती गळून पडली. काही कपड्यात बांधून ठेवली. ती उंदरांनी नेली. जडावाच्या पहुंच्या ज्याला विकल्या, त्याचे दिवाळे निघाले. येथे दुसऱ्या कोणी लेखकाने दैवाला बोल लावला असता, किंवा निदान वडिलांना लिहिलेल्या एखाद्या पत्राआडून क्षमा मागितली असती. हा निवेदक तसे करत नाही. तो बिगत देतो आणि पुढे जातो. नुकसानीचा आकडा वाचून हसावे की हळहळावे, हे त्याने वाचकावर सोडले आहे.

भांडवल संपले, बाजारात जाण्याचे तोंड उरले नाही. तेव्हा हा जवाहिऱ्याचा मुलगा संध्याकाळी घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवू लागला. दहा-वीस श्रोते जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेऊन बनारसीचे पोट भरे. एके दिवशी बनारसीने त्याला एकांतात गाठून सांगितले की, पैसे देण्याची ऐपत नाही, उधार देणे थांबवावे. कचोरीवाला म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी काही बोलणार नाही. या प्रसंगात मोठेपण कोणाच्या वाट्याला आले आहे, ते पाहण्यासारखे आहे. नायक आहे बनारसी. पण निवेदकाने प्रकाश टाकला आहे तो कचोरीवाल्यावर. आपल्या कथेत दुसऱ्याला आपल्यापेक्षा उंच उभे करणे फार थोड्या आत्मचरित्रकारांना साधते.

पुढे खैराबादेस सासरी गेल्यावर पत्नीने जपून ठेवलेले वीस रुपये त्याच्या हाती दिले आणि आईकडे शब्द टाकून आणखी दोनशे मिळवून दिले. हा प्रसंगही तितक्याच आदराने आला आहे. मात्र इतक्या माणसांची नावे सांगणारा निवेदक या पत्नीचे नाव सांगत नाही. काळाची रीत म्हणून ते समजून घेता येते. तरी ती रिकामी जागा आजच्या वाचकाला टोचल्याशिवाय राहत नाही. ती आणि तिचे मूल वारल्याचे वर्तमान आणि तिच्याच बहिणीशी सोयरीक ठरल्याचे वर्तमान बनारसीला एकाच वेळी मिळाले. येथे निवेदकाला लोहाराची सांडशी आठवते, क्षणात अग्नीत आणि क्षणात पाण्यात जाणारी. सबंध ग्रंथात नायकाचे मन निवेदकाच्या इतके जवळ क्वचितच येते.

१६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपुरास पोहोचली. त्या वेळी जिन्यावर बसलेला बनारसी भोवळ येऊन कोसळला आणि त्याचे कपाळ फुटले. आईने कापड जाळून जखमेत भरले. शहरात दुकाने बंद झाली, लोकांनी जवाहीर जमिनीत पुरले, धनिकांनी जाडेभरडे कपडे घातले. श्रीमंत कोण आणि गरीब कोण, ते ओळखू येईना. थोड्या दिवसांनी आग्र्याहून पत्र आले, सलीम गादीवर बसला, आणि शहर पुन्हा सुरळीत झाले. इतिहासकार हा भाग साधन म्हणून वापरतात, ते योग्यच आहे. पण कथेच्या दृष्टीने याला जोडूनच येणारी गोष्ट अधिक मोलाची आहे. एका जोग्याच्या सांगण्यावरून बनारसी त्या काळात एका शंखाची सदाशिव म्हणून गुपचूप पूजा करीत असे. बरे झाल्यावर त्याच्या मनात आले की, आपण पडलो तेव्हा या देवाने काही साहाय्य केले नाही; आणि पूजा सुटली. श्रद्धेचा जमाखर्चही तो तरुण व्यापारी रीतीनेच मांडतो. हे निवेदकाला दिसते, पण तो टीका करीत नाही. त्याच सुमारास गोमतीच्या पुलावर मित्रांसमवेत बसला असता, स्वतः रचलेली शृंगाराची हजार पद्यांची पोथी त्याने नदीत टाकली. मित्र हळहळत राहिले.

जैन कथासाहित्यात आत्मकथन करणारा निवेदक नवीन नव्हता. सिद्धर्षींच्या ‘उपमितिभवप्रपंचा कथे’त (इ. स. ९०६) संसारी जीव आपले अनेक भव स्वमुखाने सांगतो. तेथे दोषांना क्रोध, मान, माया, लोभ अशी नावे आहेत, ते पात्रे होऊन वावरतात. बनारसीदासांकडे हेच दोष उंदीर, तुटकी नाडी आणि उधारीच्या कचोऱ्या यांच्या संगतीने येतात. तात्त्विक उंचीत ‘उपमितिभवप्रपंचा’ श्रेष्ठ. पण माणूस ओळखीचा वाटतो तो ‘अर्धकथानका’तला.

सर्वांत कठीण नोंद त्यांच्या धर्मजीवनाची आहे. ‘समयसारा’वरील राजमल्लांची टीका वाचून बनारसीला बाह्य क्रिया निरर्थक वाटू लागल्या. काही सोबत्यांसह तो बंद खोलीत वस्त्रे टाकून मुनी झाल्याचा खेळ करी. लोकांत हेटाळणी झाली. पांडे रूपचंद यांच्याकडून ‘गोम्मटसारा’चे विवेचन ऐकल्यावर ही दृष्टी सुधारली. हा भाग गाळला असता तर ‘समयसार नाटका’च्या कर्त्याला कोणी विचारणार नव्हते. त्याने तो ठेवला. तृतीयपुरुषी निवेदनाचा उपयोग येथे पूर्णपणे कळतो: ‘मी’ म्हणून जे लिहिताना हात अडखळला असता, ते ‘बनारसी’ म्हणून लिहिता आले.

तीन विवाह झाले, सात मुलगे आणि दोन मुली झाल्या. एकही मूल जगले नाही. पानगळीनंतरच्या झाडासारखी पती-पत्नी उरली, एवढेच निवेदक सांगतो. त्याहून एक शब्द अधिक नाही.

शेवटी तो नायकाचे गुणदोष वेगवेगळे मांडतो. गुणांत भाषाज्ञान, काव्यवाचन, क्षमा, संतोष. दोषांत लक्ष्मीचा मोह, जपतपाचा कंटाळा, थोड्या लाभाने फार हर्ष आणि थोड्या हानीने फार शोक, बिनदिक्कत थापा मारणे. या यादीत मध्येच दोन नोंदी अशा आहेत की त्या गुणांत धराव्यात की दोषांत, हे ठरवणे अवघड जाते. बनारसीला कधी कधी अकस्मात, विनाकारण भय वाटते. आणि कोणी पाहत नसेल तेव्हा तो एकटाच नाचतो.