एकाच यंत्रातील अनेक बिऱ्हाडे

मल्लेश्वरमला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात डेक-१०९० संगणकाचा वेळ अनेक संशोधक वाटून घेत. कार्यप्रणाली मात्र एकच. ती कोसळली की सर्वांचेच काम थांबे. पुढे मोठ्या युनिक्स यंत्रांचे आभासी विभाग पाडून प्रत्येकास स्वतंत्र कार्यप्रणाली देण्यात आली. २००४ च्या पॉवर-५ यंत्रांत तर एका प्रोसेसरचा दशांशही विभागाच्या वाट्याला देता येई. दर दहा मिलिसेकंदांत हा वाटा हमखास मिळे. शेजाऱ्याचा न वापरलेला वेळ मात्र कमाल मर्यादा नसलेल्या विभागांनाच, तोही नेमून दिलेल्या भारांकाप्रमाणे. निजलेल्या बिऱ्हाडाच्या वाट्याचे पाणी जागे असणाऱ्यांनी भरावे, तसेच हे. स्मृतीची गोष्ट निराळी. तीत विभागाची माहिती साठलेली असते. त्यामुळे त्या यंत्रांत ती अशी क्षणोक्षणी उसनी देता येत नसे.