फ्रायबुर्ग आणि स्पर्धेची संकल्पना

जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, श्वार्त्सवाल्ड या अरण्यमय डोंगररांगेच्या पायथ्याशी फ्रायबुर्ग हे शहर वसले आहे. इ. स. ११२० मध्ये झेरिंगेन घराण्यातील कोनराड याने येथे बाजार भरविण्याचा हक्क दिला आणि व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा नेमून दिल्या. शहराचा जन्मच असा बाजारातून झाला. पुढे शहराच्या मधोमध ११६ मीटर उंच मनोऱ्याचे भव्य चर्च उभे राहिले. त्याच्या प्रवेशमंडपाच्या दगडी भिंतीवर आजही काही रेषा व वर्तुळे कोरलेली दिसतात. ती नक्षी नव्हे, ती मापे आहेत. कापड मोजण्याचा गज, विटेचा आकार, धान्याचे माप आणि १२७०, १३१७ अशा सालांसह पावाचे आकार तेथे कोरून ठेवले आहेत. चर्चभोवतीच्या बाजारात घेतलेल्या पावाविषयी शंका आली, तर गिऱ्हाइकाने तो भिंतीशी ताडून पाहावा, अशी ती सोय होती. बाजार सर्वांना खुला. माप मात्र कोणा एकाच्या खिशात नव्हते, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

याच शहराच्या विद्यापीठात, ज्याची स्थापना १४५७ मध्ये झाली, विसाव्या शतकात स्पर्धेविषयी एक विचार मांडला गेला. अर्थशास्त्राच्या इतिहासात तो ‘फ्रायबुर्ग संप्रदाय’ या नावाने ओळखला जातो. आपल्या महाविद्यालयांत बी. कॉम.च्या वर्गात ‘पूर्ण स्पर्धा’ शिकविताना आपण असंख्य विक्रेते, एकजिनसी वस्तू, मुक्त प्रवेश, पूर्ण ज्ञान अशी लक्षणे सांगतो आणि फळ्यावर आडवी मागणीरेषा काढतो. “सर, असा बाजार असतो कुठे?” असे एखादा विद्यार्थी विचारतो. “कोठेच नाही, हे एक प्रमाण आहे,” असे उत्तर देऊन आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच उत्तर दिले. फ्रायबुर्गच्या विचारवंतांना ही संकल्पना आकृतीसाठी नव्हे, तर एका प्रत्यक्ष संकटाच्या संदर्भात हवी होती. ते संकट समजल्याशिवाय संकल्पनाही नीट उमगत नाही.

येथे शब्दांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. स्पर्धेसाठी जर्मन भाषेत ‘वेटबेव्हेर्ब’ असा शब्द आहे. तो एकोणिसाव्या शतकात ‘कोंकुरेन्त्स’ या परक्या शब्दाच्या जागी रूढ झाला आणि त्याच्या पूर्वपदाचा अर्थ आहे पैज. मराठीतील ‘शर्यत’ हा शब्दही अरबी ‘शर्त’शी नाते सांगतो. म्हणजे धावण्याआधी अटी ठरल्या पाहिजेत, हे दोन्ही शब्दांच्या पोटात आहेच. ‘मक्तेदारी’चे मूळ मात्र निराळी गोष्ट सांगते. मक्ता हा सरकारने ठरावीक रकमेवर दिलेला हक्क; तेव्हा मक्तेदारी राजसत्तेकडून मिळते असे आपली भाषा गृहीत धरते. जर्मनीत प्रश्न नेमका उलटा होता. तेथे मक्तेदारी करारातून जन्माला आली.

त्या काळच्या जर्मनीत कारखानदार एकत्र येऊन भाव, उत्पादन आणि विक्रीचे क्षेत्र आपसांत ठरवीत. अशा संघटनेला ‘कार्टेल’ म्हणतात. ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रदेशातील कोळसा खाणमालकांचा संघ १८९३ मध्ये स्थापन झाला होता. १८९७ मध्ये सॅक्सनीतील लाकडाच्या लगद्याच्या कारखानदारांचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका सभासदाने संघाचा करार मोडला होता. न्यायालयाने करार वैध ठरविला आणि तो सभासदावर बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. करार करण्याचे स्वातंत्र्य होते, ते वापरले गेले, तेव्हा तो पाळलाच पाहिजे, असा हा विचार. तर्कदृष्ट्या तो सरळ दिसतो. त्याचा परिणाम मात्र असा झाला की स्पर्धा न करण्याच्या वचनामागे खुद्द न्यायसंस्था उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात अशा संघांची संख्या हजारोंनी मोजली जाऊ लागली. १९२३ मध्ये गैरवापरावर देखरेख करणारा अध्यादेश निघाला खरा, पण त्याचा धाक फारसा कोणाला वाटला नाही.

याच काळातील एक खटला वर्गात सांगण्याजोगा आहे. ड्युसेलडॉर्फजवळ बेनराथ येथे एक स्वतंत्र पेट्रोल पंपचालक संघातील कंपन्यांपेक्षा थोड्या कमी भावाने पेट्रोल विकू लागला. मोठ्या कंपन्यांनी त्याला गाठले ते भाव पाडून. जोवर तो आपला भाव चढवीत नाही तोवर त्याच्याहून स्वस्त विकायचे, असे त्यांनी ठरविले. वरवर पाहता ही स्पर्धाच होती आणि ग्राहकाला पेट्रोल स्वस्तच मिळत होते. परंतु हेतू चांगली सेवा देण्याचा नव्हता. त्या माणसाला शरण आणण्याचा होता. एकदा तो शरण आला की भाव पुन्हा संघ ठरवील तेथे जाणार, हे उघड होते. १९३१ मध्ये न्यायालयाने पंपचालकाच्या बाजूने निकाल दिला. या वादातून जर्मन कायदेशास्त्रात एक भेद रुजला. आपल्या मालाच्या व सेवेच्या गुणावर पुढे जाणे ही कामगिरीची स्पर्धा, आणि दुसऱ्याच्या पायात पाय घालणे ही अडवणुकीची स्पर्धा. भाव दोन्हींत उतरतो, म्हणून केवळ भावाकडे पाहून फरक कळत नाही.

वाल्टर ऑयकेन हे अर्थतज्ज्ञ १९२७ पासून फ्रायबुर्गमध्ये शिकवीत होते. फ्रान्झ ब्योम हे कायदेपंडित. त्यांनी काही वर्षे अर्थमंत्रालयाच्या कार्टेल विभागात नोकरी केली होती आणि देखरेखीचे नियम किती लंगडे असतात हे आतून पाहिले होते. हान्स ग्रोसमान-डोर्ट हे तिसरे, तेही कायद्याचे. अर्थशास्त्र आणि कायदा या दोन विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र चर्चासत्र चालवावे, ही गोष्ट आपल्याकडे आजही विरळाच.

ऑयकेन यांच्या विचाराचा गाभा एका प्रश्नात आहे. स्वातंत्र्याचा उपयोग करूनच स्वातंत्र्य संपविता येते काय? लगद्याच्या खटल्याने ‘होय’ असे उत्तर दिले होते. ऑयकेन यांचे म्हणणे असे की करारस्वातंत्र्य हवेच, पण दुसऱ्यांचे करारस्वातंत्र्य नष्ट करणाऱ्या करारांना ते लागू होऊ नये. बाजार जसा आहे तसा सोडून दिला, तर स्पर्धक स्पर्धेलाच कंटाळतात आणि संगनमत करतात. शासनाने सगळे उत्पादन आपल्या हाती घेतले, तर आर्थिक व राजकीय सत्ता एकाच मुठीत जाते. म्हणून शासनाने खेळ खेळू नये, खेळाची चौकट मात्र निगुतीने बांधावी. स्थिर चलन, खुली बाजारपेठ, खासगी मालमत्ता, नुकसानीची जबाबदारी आणि धोरणातील सातत्य या गोष्टी त्या चौकटीत त्यांनी मोजल्या आहेत. ब्योम यांनी तर स्पर्धेकडे मुख्यतः सत्ता निकामी करण्याचे साधन म्हणूनच पाहिले. कार्यक्षमता हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम लाभ होता. आपल्या पाठ्यपुस्तकांतून हीच बाजू गळून गेली आहे, असे मला वाटते.

हे लेखन चालू होते तो काळ हिटलरचा होता. जुलै १९३३ मध्येच सक्तीने कार्टेल बनविण्याचा अधिकार देणारा कायदा झाला होता. खासगी संघांची ती तयार यंत्रणा हुकूमशाहीच्या फार सोयीची ठरली. ऑयकेन यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या होत्या. ब्योम पुढे येना येथे गेले आणि ज्यूंच्या छळाविरुद्ध बोलल्यामुळे त्यांना अध्यापनाचा हक्क गमवावा लागला. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर फ्रायबुर्गमधील काही प्राध्यापक व धर्मोपदेशक गुप्तपणे भेटू लागले आणि युद्धोत्तर जर्मनीची अर्थव्यवस्था कशी असावी यावर टिपणे लिहू लागले. १९४४ च्या जुलैतील हिटलरच्या हत्येच्या प्रयत्नानंतर त्यांच्यापैकी आडोल्फ लाम्पे, कॉन्स्टान्टिन फॉन डीट्से आणि इतिहासकार गेऱ्हार्ड रिटर यांना अटक झाली. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला बाँबवर्षावात जुने शहर जवळजवळ बेचिराख झाले. चर्चचा मनोरा मात्र उभा राहिला.

युद्धानंतर १९४८ मध्ये लुडविग एर्हार्ड यांनी चलनसुधारणेबरोबरच बहुतेक वस्तूंवरील भावनियंत्रणे उठविली. त्यांच्या प्रशासनाच्या सल्लागार मंडळात ऑयकेन आणि ब्योम होते. ऑयकेन मार्च १९५० मध्ये व्याख्यानांसाठी लंडनला गेले असता वारले. कार्टेलविरोधी कायद्याचा लढा ब्योम यांनी संसदेत चालविला. उद्योगपतींच्या संघटनेने इतका विरोध केला की कायदा मंजूर होण्यास जुलै १९५७ उजाडला. तो १ जानेवारी १९५८ पासून अमलात आला, तोही शेती, वाहतूक, बँका, विमा अशा क्षेत्रांना सवलती देऊन. कंपन्यांच्या विलीनीकरणावर नियंत्रण तर १९७३ मध्ये आले. फ्रायबुर्गचा विजय झाला असे सांगणारे हा तपशील सहसा सांगत नाहीत.

संप्रदायातही सगळे एकमताचे नव्हते. फ्रीडरिश हायेक १९६२ मध्ये याच विद्यापीठात आले. १९६८ च्या कील येथील एका व्याख्यानात त्यांनी स्पर्धा ही शोधाची प्रक्रिया असल्याचे प्रतिपादन केले. कोणता माल, कोणत्या खर्चात, कोणासाठी, हे आधी ठाऊक असते तर स्पर्धेची गरजच उरली नसती. या दृष्टीने पाहता ‘पूर्ण ज्ञान’ हे पूर्ण स्पर्धेचे लक्षण मानणे म्हणजे शर्यतीचा निकाल आधी लावून मग धावायला सांगणे होय. ऑयकेन यांचा भर रचनेवर, हायेक यांचा प्रक्रियेवर. विद्यार्थ्यांसमोर दोन्ही मते ठेवल्यास ती आडवी रेषा कोणत्या गृहीतकांवर उभी आहे हे त्यांना दिसू लागते.

भारतात १९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्याचा रोख उद्योगांच्या आकारावर होता. २००२ च्या स्पर्धा कायद्याने मोठेपणाला नव्हे, तर मोठेपणाच्या गैरवापराला दोष मानले. संगनमत व गैरवापर यांविषयीची कलमे ३ आणि ४ ही मे २००९ पासून लागू झाली. बेनराथचा खटला या कलमांवर पारखून पाहण्याचा स्वाध्याय तृतीय वर्षाच्या वर्गाला देता येतो. पहिल्या झटक्यात विद्यार्थी कलम ४ कडे धावतात, कारण स्पर्धकाला संपविण्यासाठी उत्पादनखर्चाहून कमी भावाने विकणे तेथे निषिद्ध आहे. पण ते कलम एका उद्योगाच्या किंवा एकाच उद्योगसमूहाच्या वर्चस्वाविषयी बोलते. बेनराथला तर अनेक स्वतंत्र कंपन्या एकत्र आल्या होत्या. मग कलम ३ खाली त्यांच्यातील करार शोधावा लागतो, आणि तो करार कागदावर नसेल तर तो होता हे कशावरून सिद्ध करायचे, यावर तासाचा उरलेला वेळ सहज जातो.