कार्ब्युरेटर बसला, पण गिअरबॉक्सचं काय?

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याच्या चौकात किंवा परळीच्या राखेच्या ट्रकांच्या रांगेत जुने ड्रायव्हर भेटले की तक्रार ठरलेली: पूर्वी पान्यावर काम भागायचं, आता स्कॅनर आल्याशिवाय मिस्त्री गाडीला हात लावत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, ‘काढून टाका ते सेन्सर, साधं काहीतरी बसवा.’

अमेरिकेतले हौशी लोक हे खरोखर करतात. तिथले बहुतेक पिकअप ट्रक पेट्रोलचे. कॉम्प्युटरवर चालणारं इंधन-इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवायचा, म्हणजे वरचा मॅनिफोल्ड बदलायचा. इंजेक्शनचा पंप जास्त दाबाचा असतो, कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय पुरतात, म्हणून पंपही बदलायचा. नाहीतर फ्लोटची सुई दाब धरत नाही आणि पेट्रोल वरून वाहतं. स्पार्कचं टायमिंग कॉम्प्युटर ठरवत असेल तर डिस्ट्रिब्युटरही जुन्या पद्धतीचा लागतो. इंजिन चालू होतं. खरी अडचण मागे, गिअरबॉक्समध्ये असते.

शेवरले गाड्यांतल्या जुन्या 700-आर-4 या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला कार्ब्युरेटरपासून एक केबल यायची. पाय किती दाबलाय हे त्या केबलवरून कळायचं आणि तेवढा तेलाचा दाब क्लचवर पडायचा. केबल चुकीची बसली की क्लच घसरून जळायचे. 1993 मध्ये त्याचाच इलेक्ट्रॉनिक वारस आला, 4एल60-ई. त्यात केबल नाही. थ्रॉटलचा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर सोलेनॉइडला, म्हणजे विजेच्या झडपेला, सांगतो. इंजेक्शनबरोबर तो कॉम्प्युटर काढला की गिअरबॉक्सला विचारायला कुणी उरत नाही. वीजच तुटली तर हा गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरवर अडकतो आणि तेलाचा दाब पूर्ण चढवून ठेवतो. म्हणून कार्ब्युरेटरच्या दांड्यावर पुन्हा थ्रॉटल सेन्सर बसवतात आणि गिअरबॉक्सपुरता वेगळा कंट्रोलर घेतात. थोडक्यात, एक कॉम्प्युटर काढायचा आणि दुसरा विकत आणायचा! माझ्या मते इथेच या उद्योगातली निम्मी हौस संपते.

आपल्याकडचे ट्रक डिझेलवर चालतात, आणि डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर कधी नव्हताच. ‘साधं बसवा’ म्हणताना ड्रायव्हरच्या मनात असतो तो मायको कंपनीचा जुना डिझेल पंप. ही कंपनी नाशिककरांच्या ओळखीची. मायको सर्कल हे नाव तिथे अजून आहे. या इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला एक प्लंजर, वेग सांभाळायला गव्हर्नर, आणि पायापासून सरळ लोखंडी जोडणी. एकदा सुरू झालं की बॅटरी काढली तरी इंजिन चालतं. हवा धरली तर हातपंपाने काढायची. उसाच्या हंगामात रात्री दोनला रस्त्यात बंद पडलेली गाडी अशी हाताने चालू होत असेल, तर त्या पंपावर माया जडणारच.

कॉमन रेलमध्ये हे सगळं उलटतं. डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाने एका नळीत तयार असतं, नोझल उघडतं ते विजेच्या इशाऱ्यावर. ॲक्सिलरेटरचा पेडल हाच एक सेन्सर. त्याची बातमी फक्त इंजिन वाचत नाही. ऑटोमॅटिक गिअर बदलणारी एएमटी वाचते, डॅशबोर्ड वाचतो, बीएस-6 गाडीत धुरात युरिया किती सोडायचा हा हिशोबही त्याच्याशी जोडलेला असतो. अशा ट्रकवर जुना पंप चढवला तर इंजिन कदाचित धावेल, पण एएमटी आंधळी होते आणि धूर गाळणारी सगळी यंत्रणा निकामी होते. 1 एप्रिल 2020 पासून विकलेल्या नव्या डिझेल ट्रकला ही धूर गाळणारी यंत्रणा आहे.

शेतातली जुनी जीप असेल, हाताशी वेळ असेल, तर खुशाल उघडा; शिकायला याच्यासारखं काम नाही. पण एमएच-23 किंवा एमएच-44 पाटीची, भाड्यावर चालणारी गाडी असेल तर तेच पैसे स्कॅनरवर आणि वायरिंग समजणाऱ्या पोरावर घाला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेईल असा बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.