युनिक्ससदृश मुक्त प्रचालन प्रणाली

युनिक्ससदृश मुक्त प्रचालन प्रणाली : संगणकाचे यंत्रभाग व वापरणाऱ्याचे काम यांत दुवा साधणाऱ्या आज्ञावलीसमूहास प्रचालन प्रणाली म्हणतात. युनिक्सच्या धर्तीवरील ज्या प्रणालींची मूळ आज्ञावली कोणासही पाहता, बदलता व वाटता येते, त्या येथे अभिप्रेत आहेत. युनिक्स बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडविली. पुढे बर्कली येथील बीएसडी शाखेतून १९९३ मध्ये फ्रीबीएसडी व नेटबीएसडी निघाल्या. लिनस टोरव्हाल्ड्‌स यांचा लिनक्स (१९९१) हा स्वतंत्रपणे लिहिलेला केवळ गाभा होय; त्याभोवती इतर साहित्य जुळवून डेबियनसारखी ‘वितरणे’ तयार होतात. बीएसडी प्रणालींत मात्र गाभा व मूलभूत साधने एकच गट सांभाळतो.

महासंगणकांत लिनक्सला प्रतिस्पर्धी उरलेला नाही. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये मॉन्सूनच्या पूर्वानुमानासाठी बसविलेला ‘प्रत्यूष’ही लिनक्सवर आधारलेला होता. नव्या यंत्रभागांसाठी चालक आज्ञावली उत्पादक प्रथम लिनक्सकरिताच लिहितात, हे याचे एक कारण. जाळ्याच्या संरक्षणासाठी आटोपशीर ओपनबीएसडी, तर मोठ्या विदासंचयासाठी झेडएफएस ही त्रुटी पारखणारी संचिका व्यवस्था असलेली फ्रीबीएसडी सोयीची ठरते.

शाळा व कार्यालये यांत मात्र वेगापेक्षा आधाराची मुदत महत्त्वाची. तिकडे सहसा दुर्लक्ष होते. अनेक संस्था वापरीत असलेल्या सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीस २०२९ पर्यंत आधार अपेक्षित होता. तो २०२१ अखेरच थांबविला जाईल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. मूळ आज्ञावली खुली असल्याने २०२१ मध्ये अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे पर्याय उभे राहिले, तरी स्थलांतराचे श्रम संस्थांनाच करावे लागले. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी प्रणाली निवडताना ती विनामूल्य आहे एवढे पुरत नाही; बिघाड दुरुस्त करणारा माणूस जवळपास आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. त्या दृष्टीने डेबियन किंवा प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली विचारात घेण्याजोगी आहे.

मराठी लेखनाच्या बाबतीत या प्रणालींत फारसा भेद नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक, रेड हॅट कंपनीने मुक्त केलेली ‘लोहित’ मुद्राक्षरे आणि जोडाक्षरे जुळविणारी ‘हार्फबझ’ ही आज्ञावली लिनक्स व बीएसडी दोहोंवर चालतात. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत.