हात लावलेले मोहरे

दुपारी दुकान वाढवून आजोबा घरी येतात. नातू बुद्धिबळाचा पट मांडून वाटच पाहत असतो. डाव रंगात येतो, नातवाचा वजीर कोंडीत सापडतो आणि तो हळूच विचारतो, ‘‘आजोबा, एवढी खेळी परत घेऊ?’’ आजोबा हसून मान डोलावतात. हे दृश्य कितीतरी घरांत दिसते. त्यामागे मायाच असते. परंतु बुद्धिबळाने जो धडा द्यायचा, तो नेमका त्याच क्षणी हातून निसटतो.

स्पर्धेतील नियम स्पष्ट आहे. ज्या मोहऱ्याला खेळण्यासाठी हात लावला, त्याची नियमानुसार खेळी शक्य असेल तर ते खेळलेच पाहिजे. मोहरे केवळ नीट ठेवायचे असेल, तर हात लावण्याआधी तसे सांगावे लागते. ज्या घरात तोंडी शब्दावर सौदे होतात, तेथे या नियमाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. शब्द देण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. दिल्यानंतर तो तोट्यातही पाळावा. मुलाला उपदेशाने न पटणारी ही गोष्ट एक वजीर गमावल्यावर कायमची पटते.

दुसरा संस्कार नोंदीचा. मोठ्या वेळेच्या स्पर्धांत खेळाडूला स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या खेळ्या आपल्या हाताने लिहाव्या लागतात. डाव संपल्यावर तो कागद खोटे बोलू देत नाही. ‘नशीब फिरले’ म्हणणाऱ्या मुलाला सतराव्या खेळीपाशी आपली घाई स्पष्ट दिसते. रोजमेळात जमा-नावे जशी मन मानेल तशी लिहिता येत नाहीत, तसेच हे. पुष्कळदा दोघे प्रतिस्पर्धी डावानंतर एकत्र बसून चुका शोधतात. ज्याने हरवले, त्याच्याकडूनच शिकण्याचा हा मोठेपणा अन्यत्र क्वचित आढळतो.

पराभव पचविण्याचे बळही पटावरच येते. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटो येथील आव्हानवीरांच्या स्पर्धेत चेन्नईचा डी. गुकेश सातव्या फेरीत अलिरेझा फिरुझाकडून हरला. तरीही ती स्पर्धा त्याने जिंकली. त्याच वर्षी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीतला पहिलाच डाव तो डिंग लिरेनकडून हरला. परंतु १२ डिसेंबरला चौदावा डाव जिंकून, ७.५–६.५ अशा गुणांनी, अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. विजयानंतर त्याला अश्रू आवरेनात. तशाही अवस्थेत त्याने पटावरील मोहरी पुन्हा जागच्या जागी लावली. जगज्जेत्याची ही कृती प्रत्येक मुलाला दाखवावी अशी आहे.

अर्थात पट मांडला की चारित्र्य आपोआप घडते, असे नाही. जिंकल्यावर हिणवणारा आणि हरल्यावर पट उधळणारा मुलगा कितीही हुशार असला, तरी तो खेळाचा निम्मा भागच शिकला. येथे पालकांची कसोटी लागते. सामन्यात कोणालाही बाहेरून खेळी सुचविता येत नाही, वडिलांनाही नाही. व्यापारी घरात मुलाची चूक मोठी माणसे निस्तरतात आणि उधारी वडील फेडतात. पुढे एके दिवशी पेढीच्या किल्ल्या हाती येतात, तेव्हा निर्णय घेण्याची सवयच नसते. चौसष्ट घरांवर ती सवय अगदी स्वस्तात लागते. तेथील तोट्याने घर बसत नाही.

म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ घरात पट मांडावा. खेळी परत घेऊ देऊ नये, मुद्दाम हरू नये आणि डाव संपल्यावर ‘जिंकलास का?’ याऐवजी ‘कुठे चुकले असे वाटते?’ असे विचारावे. शेवटी हात मिळवून मोहरी दोघांनी आवरावीत.

पुढच्या वेळी नातवाने खेळी परत मागितली, तर आजोबांनी मायेनेच नकार द्यावा. त्या दिवशी नातू वजीर गमावील, कदाचित रुसेलही. पण पुढचे मोहरे उचलण्यापूर्वी त्याचा हात क्षणभर थांबेल.