इंग्रजीतला ‘इंग’ आणि आपला ‘न’

बुलडाणा, खामगाव, शेगाव किंवा मेहकर, कोणत्याही गावच्या वर्दळीच्या रस्त्यावर ‘नो पार्किंग’ अशी पाटी हमखास आढळते. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील ‘नो’ हा शब्द कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. इंग्रजीत नकारासाठी ‘नो’ आणि ‘नॉट’ असे दोन शब्द आहेत. मग पाटीवर ‘नॉट पार्किंग’ का लिहीत नाहीत? प्रश्न बालिश वाटेल. परंतु त्याच्या उत्तरात इंग्रजी वाक्यरचनेतील एक महत्त्वाचे मर्म दडलेले आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत, नोकरीच्या अर्जात आणि पुढे कार्यालयीन पत्रव्यवहारात अडखळायला लावणारी जी स्थळे आहेत, त्यांत या ‘इंग’कारान्त रूपांचा क्रम बराच वरचा आहे.

इंग्रजी क्रियापदाला ‘इंग’ जोडले की जे रूप तयार होते, त्याला दोन जन्म असतात. एका जन्मात ते निव्वळ नाम असते, तर दुसऱ्यात नाम किंवा विशेषण यांचे काम करीत असतानाही त्याच्या अंगी क्रियापदाचा स्वभाव शिल्लक असतो. आपल्याकडे पहिल्या प्रकारची उदाहरणे विपुल आहेत. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ. जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला तो मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीच. या कापसाबरोबर ‘जिनिंग’ आणि ‘प्रेसिंग’ हे शब्द आले आणि ते असे रुजले की ‘जिनिंगमध्ये कामाला आहे’ हे वाक्य आज अस्सल मराठी वाटते. मीटिंग, बुकिंग, ट्रेनिंग, वेटिंग हे शब्दही याच वाटेने आले. मराठीने ही सर्व रूपे नामे म्हणूनच स्वीकारली. म्हणून त्यांना नकार जोडायचा तर आपण मूळ शब्दाला हात न लावता शेजारी ‘होणे’ किंवा ‘करणे’ आणतो आणि नकार त्याला जोडतो. ‘मीटिंग झाली नाही’, ‘बुकिंग न करता गेलो’, ‘जिनिंग न झालेला कापूस’ ही त्याचीच उदाहरणे होत.

इंग्रजीतही नामाचा नकार ‘नो’ने होतो. ‘नो मनी’ तसे ‘नो पार्किंग’. याउलट, ज्या रूपात क्रियापदाचा जीव आहे त्याचा नकार ‘नॉट’ने होतो आणि हा ‘नॉट’ रूपाच्या लगेच आधी येतो. ‘नॉट पार्किंग द कार हिअर वॉज वाइज’ म्हणजे ‘गाडी येथे उभी न करणे शहाणपणाचे ठरले’. येथे ‘पार्किंग’ला ‘कार’ हे कर्म आहे. कर्म घेण्याची शक्ती क्रियापदाची असते, नामाची नसते. तेव्हा पहिली कसोटी अशी सांगता येईल की, ‘इंग’ रूपापाठोपाठ थेट कर्म आले असेल तर ते क्रियापदाच्या स्वभावाचे समजावे आणि त्याला ‘नॉट’ लावावे.

क्रियाविशेषणाची गोष्टही अशीच आहे. नामाला विशेषण लागते, क्रियापदाला क्रियाविशेषण. ‘सूचनेचे काळजीपूर्वक वाचन’ हे इंग्रजीत ‘केअरफुल रीडिंग ऑफ द नोटीस’ होईल. परंतु ‘सूचना काळजीपूर्वक वाचणे’ हे ‘केअरफुली रीडिंग द नोटीस’ किंवा ‘रीडिंग द नोटीस केअरफुली’ असे होईल. ‘ऑफ’ आला की विशेषण आणि थेट कर्म आले की क्रियाविशेषण, असा हा हिशेब आहे. मराठी विद्यार्थी येथे चुकतो, कारण त्याच्या भाषेत हा भेद पुष्कळदा कानाला जाणवत नाही. ‘त्याचे चांगले बोलणे’ आणि ‘तो चांगले बोलतो’ या दोन्ही ठिकाणी शब्द ‘चांगले’ हाच आहे. इंग्रजीत मात्र एका ठिकाणी ‘गुड’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वेल’ लागेल. शिवाय मराठीत क्रियाविशेषण कर्माच्या आधी किंवा नंतर कोठेही ठेवता येते. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये शिरण्याची मुभा त्याला सहसा नसते. म्हणूनच ‘रीडिंग केअरफुली द नोटीस’ हे इंग्रजी कानाला खटकते.

असे असले तरी नकाराच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याजवळ एक किल्ली आधीपासून आहे. मराठीत पूर्ण क्रियापदाचा नकार सामान्यतः ‘नाही’ने होतो आणि तो मागून येतो, जसे ‘जात नाही’, ‘गेला नाही’. पण धातूपासून साधलेल्या अपूर्ण रूपांचा नकार ‘न’ने होतो आणि तो पुढे येतो, जसे ‘न जाता’, ‘न जाणे’, ‘न गेलेला’, ‘न गेल्याने’. मराठी व्याकरणकार या रूपांना धातुसाधिते म्हणतात. इंग्रजीची व्यवस्था याच वळणाची आहे. पूर्ण क्रियापदाला ‘डझ नॉट’, ‘डिड नॉट’ अशी साहाय्यक क्रियापदाची मदत घ्यावी लागते, तर ‘इंग’ रूपाला नुसता ‘नॉट’ आधी लावला की काम भागते. थोडक्यात, मनातील मराठी वाक्यात ‘न’ असेल तर इंग्रजीत ‘इंग’च्या आधी ‘नॉट’ आणि ‘नाही’ असेल तर साहाय्यक क्रियापद, हे सूत्र दहापैकी बहुतेक वेळा उपयोगी पडेल. ‘आपले उत्तर न मिळाल्याने पुन्हा लिहीत आहे’ या वाक्याचे ‘नॉट हॅविंग रिसीव्हड युवर रिप्लाय, आय अ‍ॅम रायटिंग अगेन’ हे रूपांतर अगदी सरळ आहे. ‘नेव्हर’ हा शब्दही असाच आधी बसतो.

या सूत्राला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ‘तो न जेवता झोपला’ याचे इंग्रजी ‘नॉट ईटिंग, ही स्लेप्ट’ असे कोणी करीत नाही; ‘ही स्लेप्ट विदाउट ईटिंग’ असे करतात. आपले ‘न जेवता’ हे एकच रूप इंग्रजीत दोन वाटांनी जाते. अपेक्षित कृती वगळून दुसरी कृती केली असे सांगायचे असेल तर ‘विदाउट’. आणि न घडणे हे पुढील गोष्टीचे कारण किंवा त्या वेळची मनःस्थिती असेल तर ‘नॉट’. ‘काय करावे हे न कळल्याने तो गप्प बसला’ येथे ‘नॉट नोइंग’ योग्य. ‘न विचारता घेतले’ येथे ‘विदाउट आस्किंग’ योग्य.

नकाराची जागा बदलली की काय घडते हे पाहिले म्हणजे या साऱ्या चर्चेचे मोल कळते. ‘आय डोन्ट रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे ‘दार लावल्याचे मला आठवत नाही’. ‘आय रिमेंबर नॉट लॉकिंग द डोअर’ म्हणजे ‘दार न लावल्याचे मला आठवते’. पहिल्या वाक्यात विस्मरण आहे, तर दुसऱ्यात कबुली आहे. चोरीच्या तक्रारीत किंवा विम्याच्या दाव्यात हा फरक किरकोळ नाही.

क्रियाविशेषण आणि नकार एकत्र आले की अधिक सावध राहावे लागते, कारण जो शब्द आधी येतो त्याची सत्ता पुढच्यावर चालते. ‘नॉट रेग्युलरली टेकिंग द मेडिसिन’ याचा अर्थ रुग्ण औषध घेतो, पण नियमित घेत नाही. ‘रेग्युलरली नॉट टेकिंग द मेडिसिन’ याचा अर्थ औषध चुकविणे हाच त्याचा नेम झाला आहे. त्याचप्रमाणे ‘डेलिबरेटली नॉट डिस्क्लोजिंग’ म्हणजे हेतुपुरस्सर माहिती दडविणे. ‘नॉट डेलिबरेटली डिस्क्लोजिंग’ म्हणजे माहिती उघड झाली असली तरी ती हेतुपुरस्सर केलेली नाही. एकात लपविल्याचा आरोप आहे, दुसऱ्यात उघड केल्याबद्दलचा बचाव. इंग्रजी मजकुराखाली सही करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन शब्द कोणत्या क्रमाने आले आहेत ते पाहून घ्यावे.

आता आपल्या मातीतील एक गंमत. प्रमाण मराठीत ‘पाऊस पडत आहे’ याचा नकार लेखनात ‘पाऊस पडत नाही’ असा होतो. पण हेच वाक्य ‘तेथे पाऊस पडतच नाही’ या अर्थाच्या, म्हणजे नेहमीच्या स्थितीच्या विधानालाही चालते. ‘आत्ता’ आणि ‘एरवी’ यांतील भेद नकारात पुसला जातो. बोलताना ‘पडत नाहीये’ म्हणून तो भरून काढता येतो, परंतु पाठ्यपुस्तकी भाषेत तो सहसा उतरत नाही. इंग्रजीत मात्र ‘इट डझन्ट रेन’ आणि ‘इट इज नॉट रेनिंग’ ही दोन स्वतंत्र वाक्ये आहेत. बुलडाणा जिल्ह्यात, विशेषतः घाटाखालच्या भागात, जी वऱ्हाडी कानावर पडते ती हा भेद सहज राखते. ‘पाऊस येत नाही’ ही झाली एरवीची गोष्ट आणि ‘पाऊस येऊन नाही राहिला’ ही आत्ताची. आभाळाकडे पाहून शेतकरी दुसरे वाक्य उच्चारतो, तेव्हा तो इंग्रजीतील ‘इज नॉट रेनिंग’ इतकेच नेमके विधान करीत असतो. नकाराची जागाही तशीच, दोन शब्दांच्या मध्ये असते.

ज्या बोलीला वर्गात ‘अशुद्ध’ म्हणून हिणवले जाते, तीच येथे इंग्रजीच्या व्याकरणाची वाट दाखविते. अर्थात या वाटेवर एक खड्डाही आहे. वऱ्हाडीत ‘मले समजून नाही राहिलं’ असे म्हणतात. त्याच्या धर्तीवर ‘आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग’ म्हटले की ते इंग्रजीत सहसा चालत नाही. जाणणे, समजणे, आवडणे, असणे अशा स्थितिवाचक क्रियापदांना इंग्रजी चालू काळाचे ‘इंग’ बहुधा लावीत नाही. तेथे ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ हेच योग्य. मात्र ‘नॉट अंडरस्टँडिंग द क्वेश्चन, ही केप्ट क्वाएट’ हे वाक्य पूर्ण शुद्ध आहे, कारण तेथे ‘इंग’ हे चालू काळाचे चिन्ह नसून आपल्या ‘न समजल्याने’सारखे धातुसाधित आहे.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. शब्द लवकर कानावर पडू लागले, हे चांगलेच झाले. परंतु ‘इंग’ म्हणजे ‘चालू काळ’ एवढेच समीकरण पाठ करून घेतले, तर विद्यार्थी ‘नो पार्किंग’पाशीच थांबेल. शिक्षकांनी फळ्यावर एका बाजूला ‘न जाता, न जाणे, न गेल्याने’ आणि दुसऱ्या बाजूला त्यांची इंग्रजी रूपे मांडावीत. वऱ्हाडी मुलांकडून ‘येत नाही’ आणि ‘येऊन नाही राहिला’ यांतील फरक त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावा. परकी भाषा शिकताना मातृभाषा विसरावी लागते हा समज जुना आहे. या एका प्रकरणात तरी आपला एकाक्षरी ‘न’ इंग्रजी व्याकरणाचे निम्मे काम आधीच करून ठेवतो.